बारा फुटांना एक फूट

मुलांनो, आमच्या शाळेचा व्हरांडा जमिनीपासून दोन फूट उंच आहे. तुम्ही असल्या पायऱ्या दोन उड्यांत चढाल. पण आमच्या दुसरीतली एक मुलगी चाकांच्या खुर्चीवरून शाळेत येते. तिच्यासाठी रॅम्प बांधला, आठ फूट लांब. पहिल्याच दिवशी वडील खुर्ची ढकलू लागले, तर ती मागेच येऊ लागली! शेवटी त्यांनी लेकीला उचलून वर्गात नेलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

चुकलं कुठे? आठ फूट पुढे गेलं की दोन फूट वर, म्हणजे चार फुटांना एक फूट. ‘वर किती’ला ‘पुढे किती’ने भागलं की मिळतो रेषेचा चढ. इथे तो १/४ झाला. चाकांच्या खुर्चीला १/१२ पेक्षा जास्त चढ नको. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात रेल्वेला तर ३७ मीटरला १ मीटर एवढाच चढ आहे, तरी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात!

म्हणजे आपला रॅम्प हवा २४ फुटांचा. “बाई, एवढी जागा वाया घालवायची?” गवंडीमामा कुरकुरले. पण तयार झाले.

खुणा चौथीच्या मुलांनी केल्या. १/१२ म्हणजे बारा फुटांना एक फूट, म्हणजेच दर फुटाला एक इंच. किती सोपं! सपाट जमिनीवर (उतारावरून नव्हे हं) अंतर मोजून दर तीन फुटांवर खुंटी ठोकली. तीन फुटांवर ३ इंच, सहावर ६, नवावर ९... अशा उंचीवर खुणा करून दोरा लावला. दोरा पंधराव्या फुटापाशी वाकला! तिथली खूण होती १६ इंचांवर. आधीची खूण १२ फुटांवर १२ इंच. तीन फुटांत चार इंच चढ? म्हणजे तो बिंदू आपल्या रेषेवरचा नव्हेच. खूण एक इंच खाली घेतली, दोरा सरळ.

आलेखाच्या कागदावरही हेच. एक बिंदू (२, १) आणि चढ ३/४ दिलाय. चार घरं उजवीकडे, तीन वर: (६, ४). पुन्हा तसंच: (१०, ७). मागे जायचंय? चार डावीकडे, तीन खाली: (–२, –२). वरचा आकडा ‘वर’चा, खालचा ‘पुढे’चा. पुष्कळ जण इथे उलटापालट करतात, आणि रेषा भलतीकडेच जाते.

आमची ती मुलगी आता मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी अंगणात असते.

बरं, आता कागद-पेन्सिल घ्या. बिंदू (१, ५), चढ –२/३. उणे म्हणजे उतरण: तीन घरं पुढे, दोन खाली. पुढचे दोन बिंदू कोणते? आणि (१०, –२) या रेषेवर आहे का?