आजाराचं नाव लवकर कळत नाही तेव्हा

आजचा विषय थोडा अवघड आहे. पण आमच्या गटांच्या बैठकीत तो दोन-तीन वेळा निघाला, म्हणून मुद्दाम घेतला आहे. हातापायांना मुंग्या येतात, एका डोळ्यानं अंधुक दिसतं, चालताना तोल जातो. सोनोग्राफी, एक्स-रे, रक्त-लघवी सगळं होतं आणि शेवटी मेंदूचे डॉक्टर म्हणतात, "एमएस असू शकतो, पण आत्ताच नक्की सांगता येणार नाही." तेवढ्यात नात्यातलं कोणी परदेशातून फोन करतं, "तुमच्याकडं जनावरं आहेत ना? गोचीड चावली असेल. इकडं त्याला लाइम म्हणतात, गोळ्यांनी बरं होतं."

एक नाव आयुष्यभर सोबत करणारं, दुसरं महिनाभराच्या गोळ्यांचं. घरच्यांचं मन कुठल्या नावाकडं ओढ घेणार, हे सांगायला नको. म्हणून ही दोन नावं नीट समजून घेऊ. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि पैसा कुठं जाऊ द्यायचा नाही, एवढंच सांगणार आहोत.

एमएस म्हणजे काय

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. विहिरीवरच्या मोटारीची वायर आठवा. आत तांब्याची तार, वर प्लास्टिकचं आवरण. आवरण कुरतडलं गेलं की मोटार कधी चालते, कधी अडखळते. आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरही असंच एक आवरण असतं. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून त्या आवरणावरच हल्ला करते, तो हा आजार. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. म्हणजे आजार जुना आहे, आपल्या कानावर उशिरा आला. तो बहुतेक करून २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त दिसतो.

त्याची चाल विचित्र आहे. झटका येतो, काही दिवस ते काही आठवडे राहतो, मग बराचसा ओसरतो. एकदा डोळा दुखून अंधुक होतो. वर्षानं पाय जड पडतो. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. मधल्या काळात बाई धडधाकट दिसते, म्हणून घरात "नाटक करते" असं बोललं जातं. कोणी बाहेरची बाधा म्हणतं, कोणी करणी. मैत्रिणींनो, यात ना नाटक आहे, ना करणी.

उन्हात किंवा फार गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर ही लक्षणं वाढतात. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हात ज्वारी काढणाऱ्या बाईला हे माहीत असावं. अंग थंड झालं की त्रास कमी झाला, तर तो सहसा नवा झटका नसतो. पण त्रास चोवीस तासांहून जास्त राहिला, तर डॉक्टरांना कळवायचं.

लाइम म्हणजे काय

लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. तिथं आणि आसपास बऱ्याच मुलांचे गुडघे सुजत होते. पॉली मरे नावाच्या बाईच्या घरातच बरेच जण आजारी. त्या स्वतः कित्येक वर्षं दुखण्यानं बेजार होत्या आणि त्यांना धड उत्तर मिळत नव्हतं. त्यांनी कुणाला काय होतंय याच्या नोंदी ठेवल्या आणि १९७५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. आणखी एका आईनंही तसंच केलं. मग येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी तपास केला, आणि पुढं १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांचा जंतूचा शोध प्रसिद्ध झाला. एका आईच्या वहीपासून एवढं सगळं सुरू झालं. ही वही लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

हा जंतू एका जातीच्या गोचिडीतून माणसात येतो. ती गोचीड अंगाला बहुधा दीड दिवस किंवा त्याहून जास्त चिकटून राहावी लागते. मग तीन ते तीस दिवसांत बऱ्याच जणांना चावल्या जागी लाल चट्टा उठतो आणि तो पसरत जातो. ताप, अंगदुखी येते. उपचार झाले नाहीत तर पुढं चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, नसांच्या कळा, गुडघ्याला सूज असं होऊ शकतं. अँटिबायोटिकचा कोर्स साधारण दोन ते चार आठवड्यांचा असतो.

आता आपल्याकडचं. आपल्या गोठ्यात गाई-म्हशींना, मेंढ्यांना दिसणाऱ्या नेहमीच्या गोचिडी बहुतेक वेगळ्या जातीच्या असतात. लाइम पसरवणाऱ्या गोचिडीला थंड, दमट रानाची सवय. भारतात या आजाराच्या काही नोंदी हिमालयाच्या बाजूच्या आणि इतर जंगली भागांतून आहेत. आपल्या पठारी तालुक्यांत तो विरळाच म्हणायचा. तरी जावळी, पाटण, शिराळ्याच्या जंगलात वावर असेल, कोकणात मेंढ्या घेऊन जाणं असेल किंवा परदेशात राहून आला असाल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच. गोचिडीपासून दुसरे आजारही होतात. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, ती गोचिडीमुळंच.

गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची. रॉकेल ओतायचं नाही, चटका द्यायचा नाही.

गोंधळ का होतो

दोन्ही आजारांत मुंग्या, थकवा, तोल जाणं असू शकतं. लाइममध्येही क्वचित मेंदूच्या एमआरआयवर एमएससारखे ठिपके दिसतात. आणि एमएस ओळखणारी एकच अशी रक्त तपासणी नाही. डॉक्टर दोन गोष्टी शोधतात. नुकसान वेगवेगळ्या जागी झालंय का, आणि वेगवेगळ्या वेळी झालंय का? त्यासाठी एमआरआय, कधी पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी, आणि कधी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. म्हणून "थांबा" म्हणणारे डॉक्टर टाळतात असं समजू नका. थांबणं हाही तपासणीचा भाग आहे.

लाइमची रक्त तपासणी दोन पायऱ्यांची आहे. पहिलीत होकार आला तर दुसरी करून खात्री करायची. चावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केली तर आजार असूनही ती नकार दाखवू शकते. आणि आजार नसतानाही कधी होकार दाखवते. गावातलं कुत्रं रात्री भुंकतं. चोरांचा सुळसुळाट असेल तर भुंकल्यावर चोर सापडतो. पण ज्या गावात वर्षानुवर्षं चोरी नाही, तिथं ते बहुतेक वेळा पाहुण्यावरच भुंकत असतं. आपल्या भागात लाइमच्या एकट्या होकाराचं तसंच आहे.

यापेक्षा आपल्या भागात आधी तपासायला हवेत असे आजार दुसरे आहेत. शाकाहारी घरात बी-१२ कमी पडतं, त्यानंही मुंग्या येतात आणि पाय जड होतात. हे इंजेक्शनानं सुधारतं, पण उशीर झाला तर नुकसान राहतं. मणक्याचा किंवा मेंदूचा टीबी असू शकतो. न उकळलेलं दूध पिणाऱ्या किंवा जनावरांचं बाळंतपण हातांनी करणाऱ्या घरात ब्रुसेला हा जंतू असू शकतो. जनावर वारंवार गाभडत असेल तर तेही सांगा. एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा आजार आहे. त्याची रक्त तपासणी २००४ नंतर मिळू लागली. एमएसची काही औषधं एनएमओत उलटतात. म्हणून नाव ठरवण्याची घाई नडते.

घाई दुसऱ्या बाजूनंही नडते. झटक्यात स्टेरॉइड देतात, पण आत टीबी लपला असेल तर स्टेरॉइडनं तो वाढू शकतो. आणि एमएस असताना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेत बसलं, तर झटके कमी करणारी औषधं सुरू करायची वेळ निघून जाते. एकदा गेलेली नस प्रत्येक वेळी परत येत नाही.

गटापुढं आलेला प्रश्न

आमच्या एका गटातल्या ताई, वय तिशीच्या पुढं, घरी मेंढ्या आणि दोन गाई. त्यांच्या परवानगीनं सांगतो. वर्षात दोन झटके आले. एमआरआयवर ठिपके दिसले, पण निदान पक्कं होईना. कोणाच्या सांगण्यावरून लाइमची एक तपासणी केली, ती होकार आली. मग एका ठिकाणी सहा महिन्यांच्या सलाइन आणि इंजेक्शनांचा खर्च सांगितला गेला आणि त्यांनी गटाकडं चाळीस हजारांचं कर्ज मागितलं.

बैठकीत दोन मतं पडली. "तिचा जीव आहे, पैसे द्या," असं काहीजणी म्हणाल्या. "फेडणार कशी?" असं दुसऱ्या म्हणाल्या. शेवटी असं ठरलं की आधी गटाच्या अडीअडचणीच्या पैशातून मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं जायचा-यायचा खर्च करायचा, सगळी फाईल दाखवायची, मग कर्जाचं बोलायचं. तिथं दुसऱ्या पायरीची तपासणी झाली, ती नकार आली. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. एमएसचा संशय मात्र गेला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय आहे. कर्ज घ्यावं लागलं नाही. ताई सकाळच्या गारव्यात काम उरकतात, हप्ता भरतात आणि वाट बघतात.

लाइम खरंच असला तरी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन जास्त फायदा होत नाही, उलट अपाय होतो, हे परदेशातल्या चाचण्यांत दिसलं आहे. त्यामुळं असा लांबलचक खर्च कोणी सांगितला, तर दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

आपण काय करायचं

पहिलं, वही. तारीख, कुठला भाग, किती दिवस, ताप होता का, अंगावर चट्टा होता का, पाळी, बाळंतपण, ऊन. बाई सांगत नसेल तर सासूबाईंनी किंवा मुलीनं लिहावं.

दुसरं, फाईल एकच ठेवा. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवा. डॉक्टर बदलला तरी फाईल तीच.

तिसरं, तीन प्रश्न विचारा. "आणखी कुठले आजार असू शकतात? ते कसे वगळले? पुन्हा कधी दाखवायचं, आणि त्याआधी काय झालं तर लगेच यायचं?"

चौथं, पैसा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ हा योजनेचा नंबर आहे. कुठला खर्च बसतो आणि कुठला बसत नाही, हे भरती होण्याआधी विचारा.

पाचवं, निदान एमएस ठरलंच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. अपंगत्व किती हे तपासून जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था आहे, पुण्यातही तिची शाखा आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. एमएस एकमेकांना लागत नाही. एमएस झालेल्या बाईला मूल होऊ शकतं, फक्त औषधांचं नियोजन डॉक्टरांना विचारून आधी करावं लागतं. सून आजारी निघाली म्हणून तिला माहेरी धाडून देणं हा उपचार नाही. आजाराला नाव मिळेपर्यंतचे महिने फार एकटे जातात. त्या दिवसांत तिच्या वाटणीची धार कोणी काढली, दवाखान्यात सोबत कोणी बसली, तर तिला निम्मा आधार मिळतो.

तुमच्या गटात असं कोणी असेल तर आशाताईंच्या कानावर घाला. पुढच्या महिन्यात बी-१२ आणि आपल्या रोजच्या जेवणाबद्दल बोलू.