डिस्कच्या पंगतीत वाढपी एकच!

सबमिशनच्या आदल्या रात्रीच कम्प्युटर का अडकतो, या प्रश्नाला 'तुझं नशीब' असं उत्तर मिळालं असेल, तर हे वाचाच. मलाही तेच मिळालं होतं.

मागच्या सेमिस्टरला आमची डॉक्युमेंटरी सकाळी दहाला द्यायची होती. लॅबमध्ये एडिटिंगसाठी एकच बरं लिनक्स मशीन, त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क. मी टाइमलाइनवर कट मारतेय आणि त्याच मशीनवर एका ज्युनिअरने कार्डावरचं ४० जीबी फुटेज कॉपीला लावलेलं. प्ले दाबलं की दोन सेकंद चित्र, मग ढिम्म! गंमत म्हणजे प्रोसेसर जवळपास रिकामा, रॅमही शिल्लक. मी ज्युनिअरला नको नको ते बोलले. सबमिशन त्याचंही सकाळीच होतं.

अडलं होतं डिस्कपाशी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड आधी योग्य ट्रॅकवर सरकणार, मग हवा तो तुकडा त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणार. सलग डेटा मागितला तर अशी डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. चार-चार केबीचे विखुरलेले तुकडे मागा, तीच डिस्क अर्धा एमबीही देत नाही. आम्ही दोघं मिळून तिला या टोकाहून त्या टोकाला पळवत होतो.

ही रांग लावतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. (मास कॉमवाल्यांना आधी आर्मीतला कर्नल आठवतो. मलाही.) पंगतीत एकच वाढपी आहे असं समजा. इकडून 'भात', तिकडून 'मठ्ठा' अशा हाका आल्या की त्याचा जीव धावण्यातच जाणार. शहाणा वाढपी ओळीने जातो. पण एकाच कोपऱ्यातून मागण्या येत राहिल्या, तर दुसरं टोक उपाशी. म्हणून फार ताटकळलेल्याला आधी वाढायचं, अशीही एक पद्धत लिनक्समध्ये आहे. तिचं नाव डेडलाइन. हे नाव आम्हाला समजावून सांगायची गरज नाही!

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र चक्क काहीच न करण्याची आहे. राइस युनिव्हर्सिटीतल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी २००१ मध्ये ती मांडली. प्रोग्रॅम एक तुकडा वाचतो, क्षणभर त्यावर काम करतो आणि बहुतेकदा शेजारचाच तुकडा मागतो. तेवढ्यात डिस्क 'याचं झालं' समजून दुसरीकडे गेली, की लगेच परत यावं लागतं. त्यापेक्षा काही मिलिसेकंद तिथेच थांबा ना. वरण वाढून झाल्यावर वाढपी जरा तुमच्यापुढे रेंगाळतो, तसंच.

आता खरा वाद. सगळ्यांना सारखं द्यायचं, पण काय सारखं? वेळ सारखा दिला, तर विखुरलेलं वाचणाऱ्याच्या पदरात फारच थोडा डेटा पडतो. डेटा सारखा द्यायचा म्हटलं, तर त्याच्या एकट्यासाठी सगळी पंगत खोळंबते. २००६ पासून बरीच वर्षं लिनक्समध्ये मुख्य असलेली सीएफक्यू पद्धत वेळ वाटायची. २०१७ मध्ये आलेली बीएफक्यू मुख्यतः डेटा मोजते. दोन्हींत तुम्ही 'आयओनाइस' या कमांडने एखाद्या कामाला 'तू सगळ्यांच्या शेवटी' असं सांगू शकता.

त्या रात्री फोनवर एका इंजिनीअरिंगवाल्या मित्राने हेच करायला लावलं. कॉपीला शेवटी बसवलं. फरक? शून्य.

कारण कॉपी करणारा प्रोग्रॅम सहसा डिस्कवर स्वतः लिहितच नाही. तो रॅममध्ये लिहून मोकळा होतो. नंतर कर्नलचा स्वतःचा कामगार सगळ्यांचा माल गोळा करून डिस्कवर नेतो. आम्ही चिठ्ठी चिकटवली कॉपीवर आणि डिस्कच्या दारात उभा होता भलताच कुणीतरी. गुन्हेगार समोर, पण कागदोपत्री नाव दुसऱ्याचं!

यावर उपाय आहे सीग्रुप. प्रोसेसचा गट करायचा आणि डिस्कवरचा वाटा गटाला लावायचा. डिस्कसाठी ही सोय २०१० मध्ये आली, पण हे लिखाण नक्की कुणाचं, यावर तीही अडायची. २०१५ मध्ये रॅममध्ये साठलेल्या लिखाणावर गटाचा शिक्का लागू लागला, तेव्हा कुठे हिशोब जुळला. यात वाटा दोन प्रकारे ठरतो. एक वजन, नेहमीचं १००. तुमचं २०० आणि दुसऱ्याचं १०० असेल, तर गर्दीत तुम्हाला दुप्पट. दुसरा गप्प असेल, तर सगळं तुमचंच. दुसरा प्रकार म्हणजे कमाल मर्यादा. डिस्क रिकामी असली तरी ठरलेल्यापेक्षा जास्त मिळणार नाही. मला वजनाची पद्धत जास्त न्याय्य वाटते, पण रात्री दीड वाजता न्याय कोण बघतो?

लॅबच्या सरांना उठवून पासवर्ड घेतला. कॉपी थांबवून नव्याने लावली, सेकंदाला २० एमबीची मर्यादा घालून. टाइमलाइन चालू लागली. ज्युनिअरची ४० जीबी कॉपी अर्ध्या तासाच्या थोडी वर गेली, तेवढ्यात आम्ही दोघं चहा मारून आलो. सॉरी म्हणायला मात्र मला शुक्रवार उजाडला.