दगडाळ रानातलं कोळपं कसं असावं?



मेसेज मोठा आहे, पण डोंगरपट्ट्यातल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातल्या मुरमाड रानात सोयाबीन, कपाशी उगवून आलीय आणि तक्रार एकच येतेय, कोळपं चालत नाही. पास दगडावर चढते, कोळपं उडतं, मागं दोन हात तण तसंच उभं राहतं. मग आपण रुमण्यावर जोर देतो, पास खोल जाते, पुढच्या दगडात अडकते आणि सगळा झटका बैलांच्या खांद्यावर बसतो. आपल्याकडच्या कित्येक जोड्यांना दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीची गाडी ओढायची असते. जुलैत खांदा सुजला तर पुढच्या हंगामाची कमाईच अडकते.

दगडाळ रानाला जड कोळपं आणि खोल पास लागते असा आपला समज आहे. माझं मत उलटं आहे. पास वर ठेवा, अरुंद ठेवा आणि लवकर चालवा. तण दोन-तीन पानांवर असताना वरचा इंच-सव्वा इंच थर खरवडला तरी ते वाळून जातं, खाली गाडलेल्या दगडांपर्यंत जायची गरजच पडत नाही. तेच तण वीतभर झालं की पास खोल घालावी लागते आणि दगडाशी झटापट सुरू होते. सोयाबीनला पहिली कोळपणी 15 ते 20 दिवसांनी आणि दुसरी 30 ते 35 दिवसांनी, वापसा बघून करा. हलक्या रानात वापसा फार टिकत नाही, त्यामुळं कोळपं आधीच तयार पाहिजे. वापसा आल्यावर लोहाराकडं पळू नका.

आता पासेचं बघू. 45 सें.मी.च्या ओळीत आपण 10-12 इंची एकच सरळ पास लावतो. तिच्या एका टोकाला गोटा लागला की अख्खी पास उचलली जाते. त्याऐवजी 5-6 इंची दोन छोट्या पासा लावा, बाणाच्या टोकासारख्या, व्ही आकाराच्या. गोटा तिरक्या धारेवरून बाजूला घसरतो. मात्र दोन्ही पासा एका रेषेत नकोत, नाहीतर गोटा मधे अडकतो आणि रेघ ओढत पिकाच्या मुळाशी जातो. एक पास पुढं, दुसरी वीतभर मागं, आणि कडा एकमेकींवर इंचभर येतील अशा बसवा. मधली पट्टी सुटत नाही. धार फार पातळ काढू नका, दगडावर ती लगेच दुमडते.

लोखंड गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं घ्या. साधी पट्टी लवकर वाकते. लोहाराला एवढंच सांगा की लालबुंद केलेली पास पाण्यात नाही, तेलात बुडवायची आणि नंतर परत हलकी तापवून सावकाश गार होऊ द्यायची. पाण्यात एकदम विझवलेला पाटा कडक होतो खरा, पण दगडावर त्याचा तुकडा पडू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पासेला मागं सरकायला जागा हवी. ट्रॅक्टरच्या स्प्रिंगवाल्या मोगड्याला प्रत्येक दाताला स्प्रिंगा असतात त्या याचसाठी. दगड लागला की दात मागं जातो आणि परत जागेवर येतो. बैलाच्या कोळप्याला एवढा खर्च नको. पासेच्या दांडीला वरच्या भोकात जाड बोल्ट आणि खालच्या भोकात लाकडी खुंटी घाला. पक्का दगड लागला की खुंटी तुटते, पास मागं फिरते, बैलाचा खांदा वाचतो. खिशात चार-पाच खुंट्या ठेवा, झालं. (तुटू नये म्हणून कुणी तिथं खिळा ठोकतं. मग उपयोग शून्य.)

परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापराची योजना आहे. तीन पासांचं बैलकोळपं तिथलंच. सपाट काळ्या रानात ते झपाट्यानं काम उरकतं. आपल्या बरडावर मात्र एक पास उचलली की बाकीच्याही उचलल्या जाणार, म्हणून तिथं वरची खुंटीची सोय करूनच वापरा.

बैल नसतील तर सायकल कोळपं, पण मोठ्या चाकाचं. छोटं चाक प्रत्येक गोट्याला अडतं. पॉवर वीडरचं फिरतं पातं दगडाळ रानात शक्यतो टाळा, दगड गोळीसारखे उडतात. चालवायचंच असेल तर गार्ड लावा, पायात बूट घाला आणि लेकरांना लांब ठेवा.

दगड वेचताना ओळीतले मुठीपेक्षा मोठे तेवढेच काढून बांधावर टाका. बारीक खडा राहू द्या, त्यानं ओल टिकते आणि माती कमी वाहते. केना असेल तिथं कडक ऊन बघूनच कोळपा, ओल्यात त्याचे तुकडे परत मुळं धरतात. हराळी आणि लव्हाळ्याला कोळपं पुरं पडत नाही, त्यावर वेगळा मेसेज पाठवतो.

कुणी अशी पास करून घेतली असेल तर ग्रुपवर फोटो टाका. सोबत गाव, पीक, ओळीचं अंतर आणि पासेची रुंदी लिहा. त्यावरून कंपनीसाठी कोणत्या मापाच्या किती पासा एकदम करून घ्यायच्या ते ठरवू.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी