पायाखालचा किनारा

फुलचूरपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून दूर आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तो पाहिलेला नसतो. त्यामुळे भूगोलाच्या तासाला ‘भूखंड मंच’ आणि ‘खंडान्त उतार’ हे शब्द पाठांतरापुरतेच उरतात. परंतु खंडाची आजची कड जशी अरबी समुद्रात आहे, तशीच एक फार प्राचीन कड आपल्या परिसरात जमिनीखाली गाडली गेली आहे, असे भूवैज्ञानिक मानतात. ते त्यांनी कशाच्या आधारे ठरविले, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. साधन कोणते, हे विचारल्यावाचून पुढे जाण्याची आम्हाला सवय नाही.

खंड किनाऱ्यापाशी संपत नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन दोनशे किलोमीटरहून अधिक पसरली आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने जेथे तेल शोधले, ते मुंबई हाय क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असूनही खंडाच्याच कवचावर आहे. खरी सीमा पाण्याच्या खोलीपेक्षा कवचाच्या जाडीवरून व जातीवरून ठरते. खंडाचे कवच साधारणतः ३५ ते ४० किलोमीटर जाड व ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे. महासागराचे अवघे सहा-सात किलोमीटरचे व बेसाल्टचे. मानवाने सर्वांत खोल पाडलेले छिद्र, रशियातील कोला येथील, सव्वाबारा किलोमीटरपाशी थांबले. त्याखालचे सारे लहरींकडूनच ऐकावे लागते.

ऐकण्याची रीत अशी. ठरलेल्या रेषेवर जमिनीत छिद्रे पाडून त्यांत स्फोटके उडवितात आणि त्याच रेषेवर मांडलेले जिओफोन हादऱ्यांची नोंद घेतात. डोंगरासमोर हाक घालावी तशी काही लहरींची हाक खोल थरांवर आपटून परत येते. लहर बारा सेकंदांनी परतली आणि खडकातील तिचा वेग सेकंदाला सव्वासहा किलोमीटर असला, तर जाण्या-येण्याचे अंतर ७५ किलोमीटर, म्हणजे तो थर साडेसदतीस किलोमीटर खोल. काही लहरी मात्र खाली उतरून वेगवान थरातून धावतात व पुन्हा वर येतात. वळसा पडला तरी महामार्गाने गेलेली गाडी खेड्यापाड्यांतून गेलेल्या गाडीच्या आधी पोहोचते, तशा या लहरी दूरच्या यंत्रांवर आधी उमटतात. १९०९ साली एका भूकंपाच्या नोंदींत हीच गोष्ट मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली. कवच व प्रावरण यांमधील सीमेला त्याच्याच नावावरून ‘मोहो’ म्हणतात; तिच्याखाली लहरींचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या घरात जातो. समुद्रात स्फोटकांऐवजी दाबलेल्या हवेचा झोत सोडतात. जहाजामागे हायड्रोफोनची लांब दोरी ओढतात, आणि खोलवरच्या थरांसाठी समुद्रतळावरही यंत्रे ठेवतात.

महाराष्ट्रात १९६७च्या कोयना भूकंपानंतर, सत्तरच्या दशकात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषा कोकण किनाऱ्यापासून घाटमाथ्यापलीकडे नेल्या. अडचण होती ती काळ्या बेसाल्टची, कारण थरावर थर बसलेल्या या खडकात लहरी विखुरतात व खालचे चित्र धूसर होते. तरीही मोहो ३६ ते ४० किलोमीटर खोलीवर सापडली. पुढे कोयनेजवळ रासाटी येथे प्रत्यक्ष छिद्र पाडले, तेव्हा ९३२ मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइटी खडक लागला.

समुद्रात मात्र अजून एकमत नाही. पश्चिमेकडे ‘लक्ष्मी’ नावाची एक बुडालेली डोंगररांग आहे. सेशेल्स बेटांचा भूभाग सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भारतापासून तुटला, तेव्हा मागे राहिलेला हा खंडाचाच तुकडा, असे अनेक जण मानतात. तिच्या व भारताच्या मधल्या खोऱ्यातील कवच ताणून पातळ झालेले खंडाचे की महासागराचे, हा वाद चालू आहे. दोनशे सागरी मैलांपलीकडील समुद्रतळावर हक्क सांगताना खंडान्त उताराच्या पायथ्यापुढे गाळ किती जाड आहे, हे दाखविता येते, आणि ती जाडी लहरींनीच मोजावी लागते. भारताने आपला दावा २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडला, तो अशाच मोजणीच्या बळावर.

आता आपल्या मुलखाकडे वळू. याच संस्थेने नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातील मुंगवानीपासून राजनांदगावपर्यंत खोल परावर्तनाची रेषा टाकली. बालाघाटच्या बाजूने जाणाऱ्या प्राचीन सांध्याजवळ खोल कवचातील थर आडवे न राहता तिरपे उतरलेले आढळले. दक्षिणेचा बस्तरचा भूभाग, म्हणजे ज्यावर आपण राहतो तो, आणि उत्तरेचा बुंदेलखंडाचा भूभाग शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे एकमेकांना भिडले, असा त्याचा अर्थ लावला जातो. तिरोडी, भरवेली, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींत आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्या राबल्या. ते मँगनीज समुद्रतळी साचलेले होते, आणि त्याच्या सोबतचा संगमरवर हा एके काळचा चुनखडक आहे.

जुने सांधे मेलेले असतात, असे नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेल्या भूकंपाचे मूळ नर्मदेकाठच्या दुसऱ्या प्राचीन भेगेच्या पट्ट्यात, सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीने सुमारे दहा हजार माणसे नेली. दख्खनचा दगड हलत नाही, हा समज त्या पहाटे कोसळला. शेषाने फणा हलविला, असे सांगणारे तरीही अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आम्ही वर्गात बारा सेकंदांचा हिशेब फळ्यावर मांडतो.

बालाघाटच्या सांध्यात कोणता भूभाग कोणाखाली गेला, याबद्दल मात्र अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. एकाच्या मते दक्षिणेचा उत्तरेखाली, दुसऱ्याच्या मते नेमके उलट. आणि दोन्ही पक्ष त्याच रेषेवरील नोंदींचा आधार घेतात.