पोरीच्या पायातले वॅट

मागच्या दिवाळीत माझी भाची अकोल्याहून अमरावतीला आली ती सायकलवर! शंभरेक किलोमीटर. चहाचा कप हातात घेतला आणि रडायलाच लागली. "मावशी, तीन वर्षं झाली, रोज साठ किलोमीटर चालवतो मी. टायमिंग काही हालत नाही. बाबा म्हणतात, आता पुरे."

विद्यापीठाची निवड चाचणी चार महिन्यांवर होती. मी पडले मराठी वाङ्मयाची बी.ए.! पण हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या, 1914 पासूनच्या आखाड्याच्या गावात राहून एखादा प्रशिक्षक सापडू नये?

एक निवृत्त सर भेटले. त्यांनी आधी सीट वर केली. पायडल खाली गेल्यावर गुडघा फार वाकत होता, जोर वाया जात होता. मग स्टँडवरच्या सायकलला मीटर लावून वीस मिनिटं जीव तोडून चालवायला लावलं. सरासरी आली 140 वॅट. त्याचे 95 टक्के, म्हणजे 133, हा साधारण तासभर टिकणारा जोर. वजन 48 किलो; किलोमागे पावणेतीन वॅट. मैत्रिणींनो, आपला मिक्सर पाचशे वॅटचा, पण तो विजेवर चालतो, ही पोरगी भाकरीवर!

सर म्हणाले, "रोज एकाच चालीनं साठ किलोमीटर केले तर शरीर तेवढंच शिकतं." आठवड्यातून दोनच दिवस कडक मेहनत: चार मिनिटं जोरात, चार मिनिटं हळू, असं पाच वेळा. एक दिवस पूर्ण आराम. बाकी दिवस बोलता बोलता चालवता येईल एवढंच. वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हँडलवर वाकून बसायचंही शिकवलं.

आणि रक्त तपासून आणायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.4! मी किशोरींच्या मेळाव्यांत लोहाच्या गोळ्यांवर भाषणं देते, आणि घरच्याच पोरीचं कधी पाहिलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या होत्या, हा आकडा मला तोंडपाठ! स्नायूंना प्राणवायू पोचवणारं रक्तच कमी, तर पाय काय करतील? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, लिंबू आलं.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्यांचा फोटो हिच्या कपाटावर आहे. पण फोटोनं वॅट वाढत नाहीत बाप्पा.

तीन महिन्यांनी पुन्हा वीस मिनिटं. 158 वॅट. किलोमागे तीनच्या वर. हिमोग्लोबिन साडेअकरा.

चाचणीत ती चौथी आली, राखीव म्हणून घेतली. पहिली तिघं पुढेच होती, ते खरंच. आता मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ती पहाटे पाचला निघते. 2022 मध्ये 105 तासांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला, तोच हा रस्ता. मागे स्कूटरवर बाबा असतात, पाण्याची बाटली घेऊन.