निचऱ्याविना जिप्सम : क्षारपड जमीन-सुधारणेतील एक दुर्लक्षित बाजू

कृष्णा खोऱ्यातील शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत ऊस पिकविणाऱ्या काळ्या जमिनींचे मोठे क्षेत्र क्षारपड झाले आहे. या मातीतील फुगणारी चिकणमाती पाणी धरून ठेवते. वर्षानुवर्षे अतिरिक्त पाणी दिल्याने भूजलपातळी वर येते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागाकडे ओढले जातात आणि पाणी उडून गेल्यावर पांढरा थर मागे राहतो. हा प्रश्न आजचा नव्हे. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास 1910 च्या सुमारासच केला होता.

उपाय म्हणून सर्रास जिप्सम टाकले जाते. तथापि प्रत्येक बिघडलेली जमीन सारखी नसते. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक, सामू 8.5 पेक्षा कमी व विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त होय. तिला जिप्समची नव्हे, क्षार धुऊन नेणाऱ्या पाण्याची व निचऱ्याची गरज असते. वाहकता कमी, परंतु सामू 8.5 च्या वर व सोडियम 15 टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण होय. (काळ्या जमिनीची रचना याहून कमी सोडियमवरही बिघडते, म्हणून 15 हा आकडा येथे काटेकोर मानू नये.)

खरा धोका दोन्ही दोष असणाऱ्या क्षारयुक्त-चोपण जमिनीत आहे. तेथे जिप्सम न देता केवळ गोड्या पाण्याने क्षार धुतल्यास सोडियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, कण विखुरतात, छिद्रे बुजतात व जमीन पूर्वीपेक्षा घट्ट होते. उलट जिप्सम दिले, परंतु पाण्याला वाट नसली, तर कॅल्शियमने सुटा केलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने तेथेच राहतो आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो.

म्हणून मातीपरीक्षण आधी, निचरा त्यानंतर, जिप्सम त्याच्या जोडीला व पुढे ताग किंवा धैंचा हे हिरवळीचे खत, हा क्रम शास्त्रशुद्ध ठरतो. अडचण सच्छिद्र नळ्या पुरण्याची नसून त्यांच्या मुखाची आहे. एकाच्या शेतातील खारे पाणी ओढ्यापर्यंत नेण्यास शेजाऱ्यांच्या बांधातून वाट लागते. शिरोळ तालुक्यात दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्रितपणे भूमिगत निचऱ्याची कामे केली, ती याच कारणाने लक्षणीय होत.