ठेकेदार जोतीराव

स्वारगेट स्टँडवरून साताऱ्याला किंवा सासवडला निघालेल्या माणसाला महात्मा फुले आठवायचं तसं काही कारण नसतं. त्याचं लक्ष गाडी लागली का, खिडकी मिळेल का, याकडे. पण हे दोन्ही रस्ते जोतीरावांच्या घराण्याचे आहेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, आडनाव गोऱ्हे. तिथून कुटुंब सासवडजवळच्या खानवडीत आलं, पुढे पुण्यात. पेशव्यांच्या दरबारी फुलं पुरवायचं काम मिळालं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. धंद्यावरून पडलेलं हे आडनाव. खुद्द जोतीरावांनी मात्र पोटापाण्यासाठी वेगळेच धंदे केले, आणि त्यांच्या चरित्रातला हा भाग आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

साताऱ्याच्या जुन्या रस्त्यावर कात्रजचा घाट चढल्यावर जो जुना बोगदा लागतो, त्याच्या कामाला मजूर पुरवण्याचा ठेका जोतीरावांकडे होता. येरवड्याच्या तुरुंगाच्या बांधकामाचंही तसंच. १८६३ मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारं सामान पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला. मांजरीला त्यांची शेती होती. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधलं गेलं, त्याला बांधकामाचं साहित्य पुरवणाऱ्यांतही ते होते. या धरणाचा उजवा कालवा आजही पर्वती, स्वारगेट करत हडपसरकडे जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली, वस्तीत पाणी घुसलं आणि खापर उंदीर-घुशींवर फोडलं गेलं, हे पुणेकर विसरलेले नाहीत.

शाळेच्या पुस्तकातले जोतीराव म्हणजे १८४८ ची मुलींची शाळा, १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज. सगळं खरं आणि सगळं मोठं. पण घर कशावर चालत होतं, हा प्रश्न आपण थोरांच्या बाबतीत विचारतच नाही, जणू ही माणसं हवेवर जगत होती. जोतीरावांना स्वतःला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन दिलं, त्याखाली स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. पत्ता, पेठ जुना गंज. म्हणजे आजची महात्मा फुले पेठ, स्वारगेटहून पायी जाण्याच्या अंतरावर. समाजसुधारक हा शब्द त्या ओळखीत नाही.

माझ्या मते ही ठेकेदारी त्यांच्या लेखनाच्या बाजूला पडलेली जोडकथा नाही, ती लेखनाच्या आत शिरलेली आहे. ठेकेदाराला इंजिनीअर, कारकून, मुकादम आणि मजूर ही सगळी उतरंड रोज पाहावी लागते. बिल कुठे अडतं आणि कुणाच्या हातावर काय ठेवल्यावर सुटतं, हे त्याला कळतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचताना सरकारी खात्यांवर त्यांनी ओढलेले कोरडे पाहावेत. ते भाषणातले नाहीत, हिशेब ठाऊक असलेल्या माणसाचे आहेत. कालव्याच्या पाण्याची पट्टी शेतकऱ्याकडून वसूल होते, पण पाणी मोजून मिळत नाही, यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला तोटी बसवून द्यावी. पाण्याच्या मीटरवरून आज शहरात चाललेली तणातणी पाहिली तर ही सूचना किती व्यवहारी होती हे कळतं. या पुस्तकाचे सगळे भाग छापण्याची छाती मात्र सत्यशोधकांच्याच ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राने दाखवली नाही.

पोशाखाच्या बाबतीतही हाच रोखठोकपणा. मार्च १८८८ मध्ये हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जरीचे कपडे आणि दागिने घातलेल्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात जाऊन बसले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात आहे, हे व्हिक्टोरिया राणीच्या या मुलाला ऐकवलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली. मुंबईच्या सत्यशोधक मंडळींत व्यंकू बाळाजी काळेवार यांच्यासारखे तेलुगू ठेकेदार होते. धंद्यातली ओळख चळवळीच्या कामी कशी येते, त्याचं हे उदाहरण.

पुणे नगरपालिकेत जोतीराव १८७६ पासून सरकारनियुक्त सभासद होते. दारूची दुकानं वाढताहेत म्हणून १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. लोकांच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च कशाला, म्हणून मंडईच्या प्रस्तावाला त्यांनी आणि चिपळूणकरांनी विरोध केला. इमारत अर्थात झाली. १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट म्हणवली गेली.

पुढे १९२५ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे यांनी याच नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव मांडला. तो काही मंजूर झाला नाही. जेध्यांच्या घरचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता, म्हणजे तेही धंदेवाल्या घरातले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात त्याचे लेखक जवळकर यांच्याबरोबर त्यांनाही शिक्षा झाली. अपिलात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि ते सुटले. स्वारगेटचा चौक आज जेध्यांच्याच नावाचा आहे.

मंडईचं नाव बदलायला आचार्य अत्रे नगरपालिकेत यावे लागले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्यांनी ही इमारत बांधायलाच विरोध केला होता, त्यांच्या नावाच्या पाटीखाली पुणेकर आता कोथिंबिरीचा भाव करतात. पुढे याच अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि १९५४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं.